टर्बो कुठला, हे घाटाला विचारा

शोरूममध्ये गाडी बघायला आलेला माणूस पूर्वी दोन गोष्टी विचारायचा: ॲव्हरेज किती आणि हॉर्सपॉवर किती. आता तिसरा प्रश्न आला आहे, टर्बो आहे का? ‘आहे’ म्हटलं की त्याचं समाधान होतं. तो टर्बो कुठल्या प्रकारचा, इंजिनाच्या मानाने केवढा आणि कितव्या आरपीएमला कामाला लागणारा, हे कोणी विचारत नाही. विकणाऱ्यालाही ते सांगता येत नाही, कारण त्याच्या हातातल्या माहितीपत्रकात ते छापलेलंच नसतं. गाडी पुढची दहा वर्षं चढावर कशी ओढणार, गर्दीत कशी चालणार आणि टर्बो किती टिकणार, हे मात्र याच गोष्टींवर ठरतं. माझं म्हणणं सरळ आहे. सर्वोच्च हॉर्सपॉवर बघून टर्बो निवडणं चूक आहे. गाडी जास्तीत जास्त वेळ ज्या आरपीएमला राहणार तो आकडा आधी धरा, आणि टर्बो त्याला जुळणारा घ्या. तशी निवड गिऱ्हाइकाला करता यावी म्हणून कंपन्यांनी टॉर्कचा पूर्ण आलेख छापला पाहिजे.

मी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला, पुण्यात एका इंजिन कारखान्याच्या टेस्ट बेडवर बरीच वर्षं काम केलं आणि आता कराडलाच टर्बो दुरुस्तीचं वर्कशॉप चालवते. आमच्या एका बाजूला पुणे-बंगळूर महामार्ग आहे आणि दुसऱ्या बाजूला पाटण, कोयनानगर आणि चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट. महामार्गावरचा ट्रक तासन्‌तास जवळपास एकाच आरपीएमला चालतो. घाटातला भरलेला पिकअप पहिल्या-दुसऱ्या गियरला चढतो, वळणावर त्याचा वेग मोडतो, तो पुन्हा उचलावा लागतो. दोघांच्या इंजिनात एकच टर्बो बसवला तर दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

टर्बोचं काम समजायला अवघड नाही. एरवी सायलेन्सरवाटे वाया जाणारा गरम धूर टर्बाइनचं चाक फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढतं आणि दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त मिळाली की इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद वाढते. छोट्या कारच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि १९२०च्या दशकात मोठ्या जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ती यशस्वी झाली. आधी जहाजांवर, हे मला महत्त्वाचं वाटतं. समुद्रावर इंजिन दिवसचे दिवस एकाच गतीने चालतं, त्यामुळे त्या एका गतीला नेमका टर्बो जुळवला की काम संपतं. रस्त्यावरच्या गाडीला ही सोय नाही.

आकड्यात बघू. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या, १२४८ सीसी, चार सिलिंडर. आपल्याकडे ते रांजणगावला बनलं, मानेसरलाही बनलं, आणि फियाट, टाटा, मारुती अशा तिघांच्या गाड्यांत बसलं. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आलं तेव्हा ते थांबलं, पण अजून लाखो गाड्यांत ते धडधडतं आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात सगळे सिलिंडर एकदा हवा भरून घ्यायला क्रँकचे दोन फेरे लागतात. म्हणजे १५०० आरपीएमला हे इंजिन टर्बोशिवाय मिनिटाला साधारण ९३६ लिटर हवा ओढेल आणि ४००० आरपीएमला २४९६ लिटर. अडीच पटींहून जास्त फरक आहे. ९३६ लिटरला जोर धरणारा टर्बो छोटा असावा लागतो, आणि तो छोटा टर्बो २४९६ लिटरला इंजिनाचा धूर अडवू लागतो. वरच्या टोकाला मोकळा श्वास देणारा मोठा टर्बो घेतला, तर खाली तेवढा धूरच नसतो, त्यामुळे तो नुसता रेंगाळतो. टर्बो निवडणं म्हणजे या दोन टोकांपैकी कुठल्या बाजूला झुकायचं ते ठरवणं.

याच मल्टिजेटची दोन रूपं आपल्या रस्त्यांवर होती. स्विफ्टमध्ये साधा टर्बो, ७५ पीएस, २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क. एर्टिगा आणि सियाझमध्ये व्हीजीटी (व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बो, त्याची रचना पुढे सांगते), ९० पीएस, १७५० आरपीएमला २०० न्यूटन मीटर. हलक्या गाडीला साधा, आणि सात जणांना किंवा लांबच्या प्रवासाला नेणाऱ्या गाडीला व्हीजीटी. निवड विचार करून केलेली दिसते. पण गिऱ्हाइकाच्या हातात काय पडलं? प्रत्येक इंजिनाचे दोन ठिपके: एक सर्वोच्च ताकदीचा, एक सर्वोच्च टॉर्कचा. दुसऱ्या गियरला स्पीडब्रेकर ओलांडल्यावर काटा १३००-१४००वर असतो, तिथे इंजिन किती ओढतं हे दोन ठिपक्यांवरून कळत नाही. मी दोन्ही गाड्या भरपूर चालवल्या आहेत. पंधराशेच्या खाली दोन्ही मऊ वाटतात, आणि वर गेल्यावर ९०चं इंजिन लांबपर्यंत ओढत राहतं. हे मला चालवून कळलं. विकत घेणाऱ्याला ते पैसे मोजण्याआधी कळायला हवं.

आता प्रकारांकडे येते. सगळ्यात जास्त गाड्यांत वेस्टगेटचा टर्बो असतो. त्याचं टर्बाइन हाउसिंग ठरावीक मापाचं, आणि दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की एक झडप उघडून जादा धूर टर्बाइनला वळसा घालून बाहेर जातो. व्हीजीटीत टर्बाइनच्या चाकाभोवती हलणाऱ्या पाकळ्या असतात. धूर कमी असताना पाकळ्या मिटतात, वाट अरुंद होते, धूर वेगाने चाकावर आदळतो. धूर वाढला की पाकळ्या उघडतात. खाली छोट्या टर्बोसारखं आणि वर मोठ्यासारखं वागावं, हा हेतू. घाटासाठी आणि मोठ्या डिझेल एसयूव्हीसाठी ही रचना फार चांगली आहे. स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० मधल्या २.२ लिटरच्या एमहॉक इंजिनाने ती आपल्या लोकांच्या अंगवळणी पाडली.

पण म्हणून व्हीजीटी वरच्या दर्जाचा आणि वेस्टगेट हलका, ही जी समजूत बाजारात पसरली आहे ती मला मान्य नाही. पाटण भागात दूध गोळा करणाऱ्या गाड्या बघा. पहाटे गार इंजिन सुरू करायचं, दोन-तीनशे मीटर जायचं, थांबायचं, कॅन चढवायचे, इंजिन चालूच, पुन्हा पुढची वाडी. धूर कधी पुरेसा तापतच नाही. त्यात काजळी धरते आणि व्हीजीटीच्या पाकळ्या ज्या कड्यावर फिरतात तिथे बसते. पाकळ्या अडकतात. मिटलेल्या अडकल्या तर दाब हाताबाहेर जातो आणि गाडीचा कंट्रोलर ताकद कापून टाकतो, उघड्या अडकल्या तर पिकअपच राहत नाही. अशा धंद्याच्या गाडीला मी डोळे मिटून छोटा, वेस्टगेटचा टर्बो सुचवीन. त्यात हलणारे भाग कमी, दुरुस्ती स्वस्त आणि खालच्या आरपीएमला तो लवकर जोर धरतो. महामार्गावरून रोज शंभर-दीडशे किलोमीटर तापून पळणाऱ्या एसयूव्हीत व्हीजीटीच्या पाकळ्या मोकळ्या राहतात, तिथे तो खुशाल घ्यावा. गाडी एकच असली तरी वापर बदलला की योग्य टर्बो बदलतो.

ट्विन-स्क्रोलचं नाव हल्ली पेट्रोल गाड्यांच्या संदर्भात ऐकू येतं. चार सिलिंडरच्या इंजिनात फायरिंगचा क्रम १-३-४-२ असतो. १ आणि ४चा धूर एका नळीतून, २ आणि ३चा दुसऱ्या नळीतून टर्बाइनपर्यंत वेगळा नेला, तर एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्याच्या बाहेर पडणाऱ्या धुराला अडवत नाही आणि टर्बो लवकर जागा होतो. तीन सिलिंडरच्या एक लिटर पेट्रोल इंजिनात दोन धक्क्यांत मुळातच पुरेसं अंतर असतं, तिथे साधी एकच वाट पुरते. तेव्हा ‘आमच्यात ट्विन-स्क्रोल नाही’ म्हणून तीन सिलिंडरवाल्याने खट्टू व्हायचं कारण नाही. एक छोटा आणि एक मोठा असे दोन टर्बो लावण्याची पद्धत महागड्या गाड्यांची, ती इथे सोडते. टर्बोच्या शाफ्टवर विजेची मोटर बसवून खालचं रेंगाळणं घालवण्याचं कामही सुरू झालं आहे. २०२२च्या मर्सिडीज-एएमजी सी ४३ मध्ये सुमारे चार सेंटिमीटर जाडीची अशी मोटर आहे, ४८ व्होल्टवर चालणारी. ती ऊस, दूध आणि भाजी वाहणाऱ्या गाड्यांपर्यंत उतरेल तो दिवस चांगला असेल. तोवर माप जुळवण्याला पर्याय नाही.

माप न जुळवता काय होतं ते मी रोज बघते. मागच्या हंगामात चिपळूणकडे भाजी नेणारा एक पिकअपवाला आला. ‘ताई, नवा टर्बो टाकला, पहिल्यापेक्षा मोठा टाकला, तरी घाटात गाडी ओढत नाही.’ त्याच्या जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनावर कोणीतरी जुन्या बाजारातून मोठ्या इंजिनाचा टर्बो आणून बसवला होता. फ्लँजचे बोल्ट जुळले, म्हणजे टर्बो जुळला, असा हिशेब. वर पंपाचं सेटिंग वाढवून डिझेलही जास्त सोडलं होतं. कुंभार्लीत दुसऱ्या गियरला काटा पंधराशेवर, तिथे त्या मोठ्या टर्बाइनला फिरायला पुरेसा धूरच नाही. हवा नाही आणि डिझेल मात्र भरपूर, म्हणून मागे काळा धूर. गाडी ओढेना म्हणून ड्रायव्हर हाफ क्लचवर चढवायचा, त्यात क्लच प्लेट जळाली. धुराचं तापमान वाढून एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेला होता. मूळ मापाचा टर्बो घातला, पंप पूर्ववत केला, आणि गाडी पहिल्यासारखी चढू लागली.

याहून धोकादायक प्रकार जनरेटरचा. आपल्याकडचे बहुतेक मोठे डिझेल जनरेटर १५०० आरपीएमला बांधलेले असतात, कारण विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ राखायची असते. कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन जनरेटरवरही आहे आणि ट्रकमध्येही. बाहेरून दोघांचे टर्बो भाऊ-भाऊ दिसतात. पण जनरेटरचा टर्बो पंधराशेच्या एका बिंदूला जुळवलेला असतो. तो उचलून २५०० आरपीएमपर्यंत जाणाऱ्या ट्रकच्या इंजिनावर बसवला, तर वरच्या गतीला टर्बाइनवर मर्यादेपेक्षा जास्त धूर येतो आणि शाफ्ट परवानगीपेक्षा वेगाने फिरतो. चाकाचे तुकडे झालेले टर्बो माझ्या टेबलावर आले आहेत. चाकाचा तुकडा हवेच्या पाइपातून इंजिनात गेला की खर्च टर्बोपुरता राहत नाही.

म्हणून मिस्त्रींनाही माझी कळकळीची विनंती आहे. टर्बोच्या अंगावर छोटी पट्टी असते, तिच्यावर पार्ट नंबर असतो. फ्लँज आणि बोल्ट बघू नका, तो नंबर बघा. त्या नंबरामागे दोन्ही चाकांची मापं असतात आणि हाउसिंगचा ए-बाय-आर असतो, म्हणजे धुराच्या वाटेचं क्षेत्रफळ आणि त्या वाटेचं शाफ्टच्या मध्यापासूनचं अंतर यांचं गुणोत्तर. हे गुणोत्तर कमी असेल तर टर्बो खाली लवकर जोर धरतो, जास्त असेल तर वर मोकळा श्वास देतो. डोळ्यांनी हा फरक कळत नाही. आणि टर्बो गेला म्हणून लगेच दुसरा घालण्याआधी पहिला का गेला ते शोधा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक टर्बोंचं मरण ऑइलमध्ये असतं: जुनं झालेलं ऑइल, काजळीने अर्धवट बुजलेली ऑइलची नळी, घाट चढून आल्या आल्या बंद केलेलं तापलेलं इंजिन. कारण तसंच ठेवून घातलेला नवा टर्बोही त्याच वाटेने जातो.

टेस्ट बेडवर आम्ही कॉम्प्रेसरचा नकाशा समोर ठेवून काम करायचो. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, उभ्या अक्षावर दाबाचं गुणोत्तर. डावीकडे सर्जची रेषा. तिच्या डाव्या बाजूला गेलं की कॉम्प्रेसर दाबलेली हवा धरून ठेवू शकत नाही, ती उलटी फिरते आणि पूर्ण खोलीत भक्-भक् असा दणका ऐकू येतो. उजवीकडे चोक, तिथे कॉम्प्रेसर कितीही वेगाने फिरला तरी जास्त हवा देत नाही. मधोमध कार्यक्षमतेची बेटं. इंजिन रोज जिथे चालणार तो पट्टा या बेटांवर पडला पाहिजे, एवढ्यासाठी दिवस दिवस जायचे. हवा दुप्पट दाबली की तीस अंशांची हवा सव्वाशे अंशांच्या आसपास तापते. म्हणून इंटरकूलर लागतो, आणि कॉम्प्रेसर बेटाबाहेर चालत असेल तर ती त्याहून तापते. उंचीचाही विचार करावा लागायचा. दर हजार मीटरला हवा साधारण दहा टक्के विरळ होते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे टर्बोचं इंजिन ही तूट भरून काढतं, पण शाफ्ट आणखी जोरात फिरवून. तेवढी राखीव गती टर्बोत ठेवलेली नसेल तर तूट भरत नाही किंवा टर्बोचं आयुष्य घटतं. लडाखला जाणाऱ्या आपल्या पोरांनी रीमॅप करून, म्हणजे कंट्रोलरची सेटिंग्ज बदलून, दाब आधीच वाढवून ठेवू नये असं मी सांगते, ते यासाठी.

रीमॅपचं आणि मोठ्या टर्बोचं वेड पेट्रोल गाड्यांतही शिरलं आहे. डिझेलच्या धुराचं तापमान आठशे अंशांच्या घरात असतं, पेट्रोलचं हजाराच्या जवळ जातं. २००६ साली पोर्शेने ९११ टर्बोमध्ये व्हीजीटी आणला, तेव्हा पाकळ्यांसाठी उष्णता सोसणारे खास मिश्रधातू वापरावे लागले. डिझेलचा स्वस्तातला व्हीजीटी काढून पेट्रोल इंजिनावर बसवणं हा जिवाशी खेळ आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

आता कंपन्यांकडे मागणी. गाडी विक्रीला येण्याआधी इंजिनाची पूर्ण थ्रॉटलवर चाचणी होते, तेव्हा टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या आरपीएमला टॉर्क मोजला जातो. म्हणजे आलेख तयार असतो. तो माहितीपत्रकात छापायला एक चौकोन लागेल. सोबत एक ओळ, टर्बो वेस्टगेटचा की व्हीजीटी. गिऱ्हाइकाला आलेख कळत नाही, असं एका विक्री अधिकाऱ्याने मला ऐकवलं. आमच्याकडचा शेतकरी बोअरचा पंप घेताना हेड किती आणि त्या हेडला पाणी किती, हे दुकानदाराला विचारतो, तक्ता बघतो, आपल्या बोअरच्या खोलीशी ताडतो आणि मगच पैसे काढतो. तो माणूस १४०० आरपीएमचा टॉर्क वाचू शकणार नाही, हे मी मान्य करणार नाही. ज्याला दहा लाखांची गाडी विकता, त्याला पाच हॉर्सपॉवरच्या पंपाएवढी तरी माहिती द्या.

आलेख छापून येईपर्यंत निवड चालवूनच करावी लागेल. चाचणीला एकटे जाऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि गाडी जवळच्या चढावर न्या. तिसऱ्या गियरला काटा पंधराशेवर आणा, पॅडल अर्ध्यापर्यंत दाबा आणि ओढ किती वेळात लागते ते मोजा. मग स्पीडब्रेकर दुसऱ्या गियरला ओलांडून पुन्हा तेच करा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये गियर धरून ठेवा, नाहीतर गियरबॉक्स खालचा गियर टाकून टर्बोचा आळस झाकतो. निवडीत दोन-तीन गाड्या असतील तर सगळ्या त्याच चढावर, तेवढ्याच माणसांनिशी चालवा. जुनी गाडी घेत असाल तर बॉनेट उघडून टर्बोच्या पट्टीचा फोटो काढा आणि तो पार्ट नंबर त्या इंजिनासाठी कंपनीने दिलेल्या नंबराशी जुळतो का, हे व्यवहाराआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.